आधी नसेचं विचारा, मग सांध्याचं

पत्राचा गोषवारा: बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका भगिनीचं हे पत्र. वय 29, चार वर्षांची मुलगी. पती मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक, वय 32. पाच महिन्यांपूर्वी सीमेवर त्यांच्या उजव्या खांद्यात गोळी लागली आणि दंडाच्या हाडाचा वरचा गोळा फुटला. तिकडच्या इस्पितळात जखम साफ करून उघडीच ठेवली, बाहेरून सळ्या लावल्या आणि नंतर पुण्यात प्लेट बसवली. गोळीचे बारीक तुकडे अजून मांसात आहेत. बोटं, मनगट, कोपर चालतं, पण हात खांद्यातून उचलत नाही. सध्या ते सिक लीव्हवर घरी आहेत. पुढच्या महिन्यात पुण्याला दाखवायची तारीख आहे. "नसेची तपासणी परत करू, नाहीच जमलं तर सांधा जाम करावा लागेल," असं डॉक्टर म्हणाले आहेत. (जाम करणं म्हणजे दंडाचं हाड खांद्याच्या पात्याला कायमचं जोडून टाकणं.) त्यावर सासूबाई म्हणतात, "ज्या खांद्यानं आम्हाला न्यायचं तोच बांधून टाकणार?" सासरे म्हणतात, भाताची लावण उरकू दे, गणपती होऊ देत, तोवर हाडवैद्याकडं दाखवू. पुण्यातल्या मावसदिरांचं म्हणणं असं की मिलिटरीवाले स्वस्तातलं करतात, आपण जमीन गहाण टाकू पण खाजगीत कृत्रिम सांधा बसवून घेऊ. पती काहीच बोलत नाहीत. पत्राच्या शेवटी ताई लिहितात, "हात पूर्ण बरा झाला तर परत बॉर्डरवर पाठवतील. म्हणून कधी कधी वाटतं, नको बरा व्हायला. असं वाटणारी मी कसली बायको?"

ताई,

शेवटची ओळ तुम्ही सगळ्यात बारीक अक्षरात लिहिली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तुम्ही घाबरलेल्या बायको आहात. पाच महिन्यांपूर्वी तो फोन आल्यापासून पुढची बातमी येईपर्यंत तुम्ही जे काढलंत, ते मनातून इतक्या लवकर जाणार नाही. असं वाटणं हा गुन्हा नाही. बेळगावात तीस वर्षं फिजिओथेरपी करताना हीच गोष्ट मला किती तरी बायकांनी दाराआड सांगितली आहे, आणि दोन-तीन आयांनीही.

पण त्या विचारात एक गृहीत धरलेलं आहे, ते तपासून बघू या. हात बरा झाला म्हणजे बॉर्डर आणि नाही झाला म्हणजे घर, असा सरळ हिशेब फौजेत नसतो. जवानाची कॅटेगरी मेडिकल बोर्ड ठरवतं. मन, कान, हातपाय, एकूण ताकद आणि नजर अशा पाच गोष्टी पाहून ती ठरते. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून त्याला 'शेप' म्हणतात, हे तुमच्या यजमानांना पाठच असेल. हाडात प्लेट आणि नसेला मार असलेल्या माणसाला हात बराचसा उचलता आला तरी बोर्ड सरसकट पुढच्या चौकीवर धाडत नाही. उलट, सांधा जाम झालेला जवानसुद्धा खालच्या कॅटेगरीत स्टोअर, ऑफिस किंवा ट्रेनिंगच्या कामावर नोकरीत राहू शकतो. तेव्हा हाताचा प्रश्न हातापुरता ठेवा. नोकरीचा प्रश्न वेगळा आहे, तो वेगळ्या दिवशी, त्यांच्याशी समोरासमोर बसून बोला. बदलीच्या भीतीनं ऑपरेशनचा निर्णय घेतला, तर तो हात त्यांना जन्मभर वागवावा लागेल आणि बदलीचं व्हायचं तेच होईल.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या घरात सगळी चर्चा सांध्यावर चालली आहे: जाम करायचा, नवा बसवायचा, की काहीच करायचं नाही. घाई मात्र सांध्याची नाहीच. हाड भरलं आणि जखमेत पू नसला, तर सांध्याचं ऑपरेशन सहा महिन्यांनी करा नाहीतर दोन वर्षांनी, दार उघडं असतं. ज्याचं दार बंद होत चाललं आहे ती नस आहे. "लावण उरकू दे, गणपती होऊ देत" हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात घातक वाटलेलं वाक्य तेच.

नसेचं थोडं सविस्तर सांगते. इथं नस म्हणजे रक्ताची शीर नव्हे, स्नायूला हलायचा हुकूम पोचवणारी तार. खांद्याला वरून जो गोलवा असतो तो डेल्टॉइड नावाच्या स्नायूचा. हात बाजूला उचलायचं मोठं काम त्याचं. त्याला चालवणारी नस, ॲक्झिलरी, काखेतून निघून दंडाच्या हाडाच्या मानेला मागून वळसा घालून येते. म्हणजे जिथं हाड फुटलं, अगदी तिथूनच. तुम्ही लिहिलंय की दंडाच्या बाहेरच्या बाजूला, वरती, रुपयापेक्षा थोड्या मोठ्या जागेला हात लावलेला त्यांना कळत नाही. ही त्याच नसेची खूण. ज्या जागी बाहीवर पलटणीचा बिल्ला लागतो नेमकी तीच ही जागा, म्हणून डॉक्टरी पुस्तकांत तिचं नावच 'रेजिमेंटल बॅज'ची जागा असं पडलं आहे. ही गोष्ट त्यांना सांगा. गप्प बसलेला माणूस कधी कधी अशा एखाद्या गोष्टीवरून बोलायला लागतो.

गोळी जवळून गेली तरी नस दर वेळी तुटतेच असं नाही. पुष्कळदा तिला फक्त जबर धक्का बसतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी ती आपणहून जागी होते. म्हणून पहिले तीनेक महिने डॉक्टर वाट बघतात. तो निष्काळजीपणा नाही, तशी रीतच आहे. पण नस आतून तुटून पुन्हा वाढायची असेल, तर ती वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर. महिन्याला जेमतेम इंचभर. आणि इकडे नसेविना पडलेला स्नायू हळूहळू वाळत असतो. वर्ष-दीड वर्ष गेलं की नस येऊन पोचली तरी स्नायू तिला ओळख देत नाही. म्हणून आपणहून सुधारणा दिसत नसेल, तर नसेचं ऑपरेशन साधारण सहा महिन्यांच्या आत झालेलं बरं. नऊ महिन्यांनंतर त्याचं फळ कमी कमी होत जातं.

तुमचे पाच महिने झालेत.

तेव्हा पुण्याची तारीख पुढं ढकलू नका. उलट बेळगावच्या मिलिटरी हॉस्पिटलात जाऊन ती अलीकडे मिळते का ते विचारा. तिथं डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून न्या. पहिली ईएमजी (नस आणि स्नायू यांची विजेवरची तपासणी) आणि आत्ताची ईएमजी यांत फरक आहे का? डेल्टॉइडमध्ये नस परतल्याची काही चाहूल आहे का? नसेल, तर नस उघडून बघायची, तुकडा जोडायचा, की दुसरीकडची नस इकडे वळवायची? हे शेवटचं ऐकून दचकू नका. दंडाच्या मागच्या ट्रायसेप्स स्नायूला तीन डोकी असतात. त्यांतल्या एकाची नस काढून डेल्टॉइडला जोडतात, आणि कोपर सरळ करायचं काम उरलेली दोन डोकी सांभाळतात. हे काम सूक्ष्मदर्शकाखाली करतात. ते करणारे सर्जन प्रत्येक इस्पितळात नसतात. म्हणून "असं करणाऱ्यांकडं आम्हाला पाठवाल का?" हेही स्पष्ट विचारा. विचारण्यात अपमान कुणाचाच नाही.

आता सांध्याकडे येऊ. सासूबाईंच्या मनात 'जाम करणं' म्हणजे हात अंगाला बांधून टाकणं, असं चित्र आहे. तसं ते नसतं. खुब्याचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याचा मात्र बशीत लिंबू ठेवावं तसा, उथळ. म्हणूनच तो इतका फिरतो आणि म्हणूनच त्याला धरून ठेवायला चार स्नायूंची पट्टी लागते, जिला रोटेटर कफ म्हणतात. हात खालून पार कानाशी नेला तर 180 अंश होतात. त्यांतले साधारण 120 या सांध्याचे आणि 60 पाठीवरच्या खवाट्याचे, म्हणजे खांद्याच्या पात्याचे. सांधा जाम केला तरी खवाटा मोकळाच राहतो आणि हात त्याच्यासोबत उचलतो. हाड जोडताना हात अंगापासून थोडा बाजूला, थोडा पुढं आणि थोडा आत वळवून बसवतात, प्रत्येकी 20 ते 30 अंशांच्या आसपास. हे माप ठरलंय ते मुख्यतः एका कामासाठी: घास तोंडाशी जावा म्हणून.

यातून काय मिळतं? दुखणं बहुतेक थांबतं, खांदा लटकत नाही, कमरेच्या उंचीवर वजन धरता येतं, जेवता येतं, शर्टाची बटणं लावता येतात, मुलीला मांडीवर घेता येतं. काय जातं? माळ्यावरचा डबा काढणं जातं. हात पाठीमागं नेणं जातं. त्या कुशीवर झोपणं अवघड होतं. हाड जुळायला तीनेक महिने लागतात, कधी कधी जुळतच नाही आणि परत ऑपरेशन करावं लागतं. एकदा जुळलं की मागं फिरणं फार कठीण. शिवाय खवाटा हलवणारे मान-पाठीचे स्नायू धड असतील तरच याला अर्थ, तेही डॉक्टर तपासतील. हे ऑपरेशन कष्टकरी माणसाला पुष्कळदा चांगलं मानवतं, असं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. पण नसेची आशा शिल्लक असताना ते उरकून टाकू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगते.

आणि खांदा द्यायचं म्हणाल, तर सासूबाईंना सांगा, देवानं दोन खांदे दिलेत. डाव्या खांद्यावरसुद्धा आईला नेता येतं. मी हे हलकं करून सांगत नाही. त्या माउलीला खरी भीती ऑपरेशनची नाही, मुलगा अधू झाला म्हणजे आपलं कोण बघणार याची आहे. तिला आधी त्या भीतीचं उत्तर द्या, अंशांचं गणित मागून सांगा.

मावसदिरांचा कृत्रिम सांधा. त्यांचा जीव तुटतोय म्हणून ते जमीन गहाण टाकायची भाषा करतात, हे मला समजतं. पण त्यांना एक प्रश्न विचारा: डेल्टॉइड चालत नसताना तो सांधा हलवणार कोण? कफ निकामी असताना बसवतात तो 'रिव्हर्स' सांधा, पॉल ग्रामाँ या फ्रेंच सर्जननं 1985 साली आणलेला. त्यात गोळ्याच्या जागी वाटी आणि वाटीच्या जागी गोळा, असा उलटा मामला असतो. तो सगळा भार टाकतो डेल्टॉइडवर. डेल्टॉइड मेलेला असेल तर असा सांधा हात उचलत नाही, शिवाय निखळायची भीती. म्हणजे याही वाटेच्या तोंडाशी पुन्हा नसच उभी आहे. नस परतली तर हा पर्याय जिवंत होईल. तरीही 32 वर्षांच्या, उसाची मोळी आणि भाताचं पोतं उचलणाऱ्या माणसात तो किती वर्षं टिकेल, एकदा गोळीनं घाण झालेल्या जागी धातू टाकायच्या आधी रक्ताच्या आणि सांध्यातल्या पाण्याच्या तपासण्या झाल्यात का, हे विचारल्याशिवाय सातबाऱ्याला हात लावू नका. कर्नाटकात आपण त्याला उतारा म्हणतो, तोही कपाटातच असू द्या. आणखी एक. नोकरीत असताना लेखी परवानगीशिवाय बाहेर ऑपरेशन केलंत, तर खर्च अंगावर पडतोच, शिवाय उद्या बोर्डापुढं नसते प्रश्न उभे राहतात. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं तर एक्स-रे आणि कागद घेऊन खुशाल घ्या. बेळगावात आहेत, मिरजेला आहेत. मत घेणं वेगळं आणि चाकू लावून घेणं वेगळं.

"स्वस्तातलं करतात, जखमसुद्धा उघडी टाकली" हा मावसदिरांचा राग मात्र मला खोडून काढायलाच हवा. वेगानं आलेली गोळी फक्त भोक पाडत नाही. ती आजूबाजूचं मांस फाडते, आणि कपड्याचे धागे व माती आत ओढून नेते. असली जखम लगेच टाके घालून बंद केली तर आत सडते. पहिल्या महायुद्धात माणसं हातापायांसकट जीव गमावून हे शिकली. तेव्हापासून मेलेलं मांस काढायचं, धुवायचं, उघडी ठेवायची आणि तीन ते पाच दिवसांनी, स्वच्छ दिसली तर बंद करायची, ही युद्धातल्या जखमेची पद्धत आहे. बाहेरच्या सळ्याही त्याचसाठी, जखम धड होईपर्यंत हाड धरून ठेवायला. तुमच्या यजमानांचा हात आज अंगाला आहे, बोटं हलतात, ते त्या पहिल्या दोन दिवसांत कुणीतरी नीट काम केलं म्हणून.

मांसात राहिलेले तुकडे बहुतेक वेळा तिथंच ठेवतात, शोधत बसलं तर नुकसान जास्त. सांध्याच्या आत तुकडा असेल तर मात्र तो काढावा, कारण सांध्यातल्या पाण्यानं शिसं हळूहळू विरघळतं. एक्स-रेमध्ये कुठले तुकडे कुठं आहेत ते विचारून घ्या. आणि कुठंही एमआरआय करायची वेळ आली तर आत जायच्या आधी "अंगात गोळीचे तुकडे आहेत" हे सांगायचंच, विचारलं नाही तरी.

हाडवैद्य नको. मी त्या लोकांचा दुस्वास करत नाही. साध्या मुरगळीवर त्यांच्या हातानं बरं वाटलेली माणसं मी बघितलीत. पण प्लेट बसलेल्या, नस गेलेल्या खांद्याला जोरानं ताणणं आणि रगडणं म्हणजे आहे ते घालवणं. तंबाखूचंही तसंच. आपल्या भागात, निपाणीच्या पट्ट्यात तर निम्म्या घरांची चूल तंबाखूवर पेटली आहे, त्यामुळे त्याला वाईट म्हणताना माझीही जीभ अडखळते. पण तुम्ही लिहिलंय की घरी आल्यापासून त्यांची तंबाखू वाढली आहे. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि हाड भरायला उशीर होतो. पुढं कुठलंही ऑपरेशन व्हायचं असलं तरी ती सुटायला हवी. त्यांच्याशी भांडून नव्हे, तर डॉक्टरांच्या तोंडून.

ते बोलत नाहीत, असं तुम्ही एकाच ओळीत लिहून पुढं गेलात. मला त्या ओळीवर जास्त थांबावंसं वाटलं. घरातल्या चार माणसांची मतं तुमच्या पत्रात आहेत, ज्याचा खांदा आहे त्याचं नाही. कुणी त्यांना विचारलंय का? "काय करायचं ठरवलंय?" असं विचारलं तर ते उत्तर देणार नाहीत. एक कागद घ्या आणि म्हणा, या हातानं तुम्हाला कोणती दहा कामं करायचीत ती सांगा. जेवण, मोटरसायकल, म्हशीचं दूध काढणं, सलाम, मुलीची वेणी, जे असेल ते. खांदा शेवटी असतो कशाला? हात हवा तिथं नेऊन ठेवायला. हा कागद पुण्याच्या डॉक्टरांपुढं ठेवला, तर ते प्रत्येक कामापुढं सांगू शकतील, नस परतली तर काय, जाम केलं तर काय. मी माझ्या पेशंटांकडून असे कागद करून घेत असे आणि डॉक्टरांनी ते मन लावून वाचलेले मी बघितले आहेत.

त्यांच्या मनात एखादी बोचणी असेल का, हेही बघा. बुलेटप्रूफ जाकीट असून लागली कशी, असं गावात कुणी ना कुणी विचारतंच. जाकीट छाती-पाठ झाकतं. हात हलावा म्हणून खांदा आणि काख मोकळी सोडावीच लागते. यात त्यांची चूक काही नाही, आणि हे घरच्यांच्या तोंडून त्यांनी ऐकायला हवं. रात्री दचकून उठणं, सतत चिडणं, जेवण तुटणं असं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. 'शेप'मधलं पहिलं अक्षर मनाचंच आहे.

सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. इस्पितळात उपचार म्हणून पोहायला लागले आणि 1972 साली हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये भारताचं पहिलं सुवर्णपदक त्यांनी आणलं. हे मी तुमच्यासाठी सांगतेय, त्यांच्या तोंडावर फेकायला नव्हे. जखमी माणसाला दुसऱ्याच्या पराक्रमाचे दाखले दिले की तो आणखी आत जातो. यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते पदकाआधीचं: सुरुवात रोजच्या व्यायामानं झाली होती.

कागदांचं थोडक्यात. पहिल्या दिवसापासूनचे सगळे कागद, एक्स-रे, ईएमजी एका फाइलीत ठेवा आणि झेरॉक्स वेगळ्या ठेवा. जखमेची नोंद 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणून झाली आहे ना, हे पलटणीकडून आत्ताच पक्कं करा, कारण पुढचं पेन्शन आणि भरपाई त्या नोंदीवर अवलंबून असते. कर्नाटकातला पत्ता असेल तर बेळगावच्या सैनिक कल्याण कार्यालयात जायचं, चंदगड-गडहिंग्लजच्या वाचकांनी कोल्हापूरला. तिथले कागद कन्नडमध्ये आले म्हणून सही करून मोकळं होऊ नका, वाचून घेणारा कुणी सोबत न्या. आणि नोकरी सुटायचीच वेळ आली, तर पुण्यात खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. जखमी जवानांना नवं काम शिकवायला ती 1917 साली सुरू झाली. तिची चौकशी करून ठेवा.

पुण्याला जाईपर्यंत घरी काय करायचं? हात झोळीत ठेवा, लटकत सोडू नका, नाहीतर स्नायू नसल्यानं गोळा खाली सरकतो. झोपताना कोपराखाली उशी. फिजिओनं शिकवलेलं हात हलवणं दिवसातून तीन-चार वेळा, दुसऱ्या हाताच्या आधारानं, दुखेल इतकं ताणायचं नाही. नस उद्या परतली आणि तोवर सांधा आखडून बसला असेल, तर तिचा उपयोग काय?

यातलं एक काम सासूबाईंना द्या. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदमळणीला बैलांच्या खांद्याला हळद-तेल लावणारी माणसं आपण, त्यामुळे लेकाच्या खांद्याला हात लावू नका म्हटलं तर त्यांना ते सोसणार नाही. त्यांनी रोज त्याची बोटं, तळवा, मनगट, कोपर चोळावं, एकेक बोट मिटवून उघडावं. खांद्याच्या व्रणापाशी फक्त फिजिओ सांगतील तेवढंच. शेकायला गरम पाण्याची पिशवी नको. तेल कोमट असावं आणि ते त्यांनी आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघावं, कारण त्या बिल्ल्याएवढ्या जागेला चटका बसला तरी त्याला कळणार नाही.